आजाऱ्याचा देव

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचावयाचा हा अंक. त्यात कथा असाव्यात, कविता असाव्यात, थोडे हसू असावे. परंतु ज्या घरी दुखणे आहे त्या घरीही दिवाळी येतेच. किरणोपचार चालू असलेल्या माणसाच्या अंगावर शाईने खुणा आखलेल्या असतात. त्या पुसू नयेत म्हणून त्याला बजावलेले असते. त्या जागी तेल नाही, उटणे नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातली सगळी मंडळी अभ्यंगस्नान करून बसतात आणि हा एकटा कोरडा राहतो. डॉक्टरांनी सांगितले म्हणून तो गप्प बसतो, हे खरे. पण त्या दिवशी जो न्हात नाही तो नरकात जातो, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्या पहाटे त्याच्या मनात डोकावत नसेल, असे कोणी म्हणावे?

दिंडोरीसारख्या गावी राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तरेकडे वणी आणि तिच्यापलीकडे सप्तशृंगीचा गड. गावात स्वामी समर्थांचे केंद्र, जेथे दूरदूरची माणसे आपापली दुःखे घेऊन येतात. चहूकडे द्राक्षांचे मळे. घरात या दुखण्याचे नाव निघाले की एक पाऊल नाशिकच्या किंवा मुंबईच्या इस्पितळाकडे पडते आणि दुसरे देवाकडे. यात वावगे काहीच नाही. माणूस दोन्ही पायांनीच चालतो. पण मी पाहत आलो आहे ते असे, की नवस घरच्यांचा असतो, अंगारा शेजारणीचा असतो, पोथी मावशीने सांगितलेली असते, आणि या सगळ्यांत ज्याला दुखणे झाले त्याला कोणी काही विचारलेले नसते. पुष्कळदा तर दुखण्याचे नावही त्याला सांगितलेले नसते. ज्याच्यासाठी देव पाण्यात घातले आहेत, त्याला ते कशासाठी घातले हेच ठाऊक नाही!

मी शाळामास्तर, समीक्षेची परिभाषा माझ्यापाशी नाही. पण कादंबऱ्या लिहिता लिहिता एक गोष्ट उमगली. पात्राच्या तोंडी त्याचा स्वतःचा प्रश्न आला की ते पात्र उभे राहते; दुसऱ्याने तयार केलेले उत्तर आले की ते कोसळते. आजारी पात्राला तर ही कसोटी दुप्पट लागू पडते. म्हणून या लेखात काही ग्रंथ आणि दोन चित्रपट मी याच एका कसोटीवर घासून पाहणार आहे. या कृतीतल्या आजाऱ्याला स्वतःचा प्रश्न विचारायला मिळाला का? आणि त्याचा देव, मग तो मूर्तीतला असो की माणसातला, त्याला त्याच्या वाटेने भेटला का?

आधी धार्मिक गरज म्हणजे काय ते पाहू. ती फार मोठी, तत्त्वज्ञानाची वगैरे असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती बहुधा हाताच्या चिमटीत मावेल एवढी असते. शस्त्रक्रियेपूर्वी अंगावरचे सगळे काढून ठेवावे लागते. मग ज्या बाईने लग्नापासून मंगळसूत्र उतरवलेले नाही, तिचा हात गळ्याशी थबकतो. वारकऱ्याची तुळशीची माळ काढायची म्हणजे त्याच्या दृष्टीने त्याने घेतलेला शब्द मोडायचा. केमोथेरपी सुरू झाली की बहुतेकांचे केस गळतात. आणि आपल्या समाजात बाईच्या डोक्यावरचे केस जाण्याला एक जुना, काळा अर्थ आहे. केशवपनाची चाल गेली; आगरकरांसारख्यांनी तिच्याविरुद्ध लेखण्या झिजवल्या; पण तो अर्थ अजून म्हाताऱ्या मनांच्या कोपऱ्यात बसून आहे. नवरा जिवंत असताना हे काय नशिबी आले, असे तिला वाटते आणि ती आरशाकडे पाठ फिरवते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की डॉक्टर गर्दी वर्ज्य सांगतात. म्हणजे वारी बुडाली, यात्रा बुडाली. एकादशी सोडावी लागते. आजाऱ्याला रोजा माफ आहे हे त्याचा धर्मच सांगतो. पण सगळे घर इफ्तारची वाट पाहत असता आपण दुपारी जेवलो, ही बोच माफीने जात नाही.

या लहान गरजांच्या पोटात एक मोठी गरज दडलेली असते. ती म्हणजे 'मलाच का?' या प्रश्नाची. आपल्या बोलीत या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवलेले आहे: भोग. 'भोग आहेत हो एकेकाचे,' असे आपण अगदी कळवळून म्हणतो. स्वतःच्या दुःखाविषयी बोलताना हा शब्द आधाराचा असतो, हे मी नाकारत नाही. 'माझे भोग' म्हणून पुष्कळ माणसांनी आयुष्यभर भार सोसला आहे. पण तोच शब्द दुसऱ्याच्या उशाशी बसून उच्चारला की तो दगड होतो. त्याचा अर्थ एवढाच उरतो, की तू काहीतरी केले असशील. आजारी माणूस मग रात्रभर आपल्या आयुष्याचे पान न् पान उलटून पाप हुडकत बसतो. दुखण्यात ही दुसरी वेदना भर घालते, आणि तिच्यावर गोळी नाही.

या समजुतीला उत्तर आपल्याच धार्मिक वाङ्मयात आहे. नागपूरच्या रामकृष्ण मठाने मराठीत आणलेले 'श्रीरामकृष्ण-वचनामृत' पुष्कळ घरांतून असते. पण त्याचा शेवटचा भाग आजाऱ्याची हकिगत म्हणून क्वचितच वाचला जातो. १८८५ साली रामकृष्णांच्या घशाचे दुखणे सुरू झाले. तो घशाचा कर्करोग होता. उपचारासाठी त्यांना आधी कलकत्त्यातील श्यामपुकुर येथे आणि डिसेंबरात काशीपूरच्या बागेतील घरी हलवण्यात आले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी ते गेले. या काळातील संभाषणे टिपून ठेवणारे महेंद्रनाथ गुप्त हे माझ्यासारखेच शिक्षक होते. त्यांनी आपल्या गुरूचे दुखणे झाकलेले नाही, ही या ग्रंथाची मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट. घास गिळता येत नाही, देवाचे नाव गाता येत नाही, म्हणून लेकरासारखे कासावीस होणारे रामकृष्ण तेथे आहेत; आणि देवाला दिलेले मन या हाडामांसाच्या पिंजऱ्याकडे कसे परत वळवू, असे विचारणारे रामकृष्णही तेथेच आहेत. शिष्यांनी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी देवीपाशी खाता यावे म्हणून मागणे केले. तेव्हा तू या इतक्या सगळ्या तोंडांनी खातोच आहेस, असे तिने शिष्यांकडे बोट दाखवून सांगितले, आणि आपण लाजलो, असे त्यांनीच सांगितले. आजारी माणूस एकाच दिवशी रडतो आणि शहाणाही असतो. त्याला दोन्ही असू देणे, हे लेखकाचे मोठेपण आहे.

त्या संभाषणांत आणखी एक पात्र आहे: डॉक्टर महेंद्रलाल सरकार. १८७६ साली कलकत्त्याला त्यांनी विज्ञानसंस्था काढली, पुढे सी. व्ही. रामन यांनी आपले संशोधन याच संस्थेत केले. अवतार वगैरे कल्पना सरकारांना मान्य नव्हत्या. त्यावरून त्यांनी भक्तांशी कडाक्याचे वाद घातले. तरीही ते रोग्यापाशी तासन् तास बसत. बोलू नका, घशाला त्रास होईल, असे त्यांनी बजावले; आणि माझ्याशी मात्र बोलायला हरकत नाही, अशी पुस्तीही जोडली! या विनोदात वैद्यकाचे एक मोठे सूत्र आहे. रोग्याच्या श्रद्धेची विचारपूस करण्यासाठी डॉक्टरने ती श्रद्धा स्वतः बाळगली पाहिजे असे नाही. त्याने खुर्ची ओढून बसले पाहिजे.

रमण महर्षींची हकिगत याहून जवळच्या काळातील. १९४९ साली त्यांच्या डाव्या कोपराजवळ गाठ आली. ती सार्कोमाची, म्हणजे कर्करोगाच्याच एका प्रकाराची होती. ती अनेकदा कापून काढली तरी पुन्हा उठली. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांनी देह ठेवला. माणसांना आपले दर्शन होत राहावे, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला. आता, ज्यांना हे दोन पुरुष पूज्य आहेत त्यांनी मला सांगावे, की त्यांनी कोणते पाप केले होते? भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांतून याचे उत्तर असे येते, की इतरांची पापे त्यांनी अंगावर घेतली. श्रद्धा म्हणून मी तिचा आदर करतो. परंतु वाङ्मयाचा वाचक म्हणून मला वाटते, की येथे लेखकाला 'का?' हा प्रश्न मोकळा ठेवणे जमले नाही. पेशींची बेसुमार वाढ संत आणि चोर असा भेद करीत नाही. हे सत्य कठोर आहे, पण आजाऱ्याच्या डोक्यावरून पापाचे गाठोडे उतरवणारे तेच आहे. ज्या आजीला आपल्या पापाची चिंता लागली आहे, तिला या दोघांचे दुखणे सांगून पाहावे. पुराणातल्या दहा चमत्कारांनी होणार नाही ते काम त्याने होईल.

ज्या १८८६ साली काशीपूरला रामकृष्ण गेले, त्याच साली रशियात टॉलस्टॉयची 'इव्हान इलिचचा मृत्यू' ही दीर्घकथा प्रसिद्ध झाली. इव्हान इलिच न्यायाधीश आहे. त्याच्या दुखण्याचे नाव कथेत नक्की होत नाही. एक डॉक्टर मूत्रपिंड म्हणतो, दुसरा आतडे. पण आमच्याकडे ज्या घरांतून दुखण्याचे नाव झाकले जाते, त्या घरांचे एवढे हुबेहूब चित्र दुसरीकडे सापडणार नाही. सगळे म्हणतात, बरा होशील. तो मरतो आहे हे सगळ्यांना ठाऊक, त्यालाही ठाऊक, पण बोलायचे कोणी नाही. वेदनेपेक्षा त्याला हे खोटे अधिक छळते. मी तर रीतीप्रमाणे जगलो, मग हे का, असा त्याचा प्रश्न. म्हणजे आपलाच 'मलाच का?'. बायकोच्या आग्रहाने धर्मगुरू येतो, विधी होतो, इव्हानला क्षणभर बरेही वाटते. पण बायको आत येऊन 'आता बरे वाटते ना?' असे विचारते, आणि तेवढ्यात त्या विधीतला प्राण जातो. टॉलस्टॉयने विधीची थट्टा केलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. विधी खोटा नव्हता. तो खोट्याच्या घरात झाला, एवढेच. त्याला खरा दिलासा देतो तो गेरासिम नावाचा खेडवळ नोकर. तो रात्र रात्र मालकाचे पाय स्वतःच्या खांद्यावर धरून बसतो आणि मरण सगळ्यांनाच आहे, हे सरळपणे बोलतो. ज्या घरात सत्य बोलले जाते तेथेच आरतीला अर्थ येतो, असे मी या कथेवरून शिकलो.

आता आपल्या पडद्याकडे वळू. १९७१ सालचा 'आनंद' पाहिला नाही असे घर विरळा. हृषीकेश मुखर्जींनी एक धाडस केले: रोग्याला त्याचा रोग ठाऊक आहे, आणि हातपाय गाळून बसला आहे तो डॉक्टर. लपवालपवीला कंटाळलेल्या प्रेक्षकाला हा केवढा मोकळा वारा वाटला असेल! तरीही माझ्या कसोटीला हा चित्रपट पुरा उतरत नाही. आनंद सर्वांना हसवतो, जुळवतो, धीर देतो. नास्तिक, आस्तिक, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे त्याच्याभोवती जमतात आणि त्याच्याकडून काही ना काही घेऊन जातात. त्याला मात्र कोणी काही देत नाही. एका कातरवेळेच्या गाण्यात तेवढा त्याचा एकटेपणा उघडा पडतो, आणि तो क्षणच मला साऱ्या चित्रपटात खरा वाटतो. या चित्रपटानंतर आजाऱ्याने हसतमुखच असावे, अशी एक नवी सक्ती आपल्याकडे सुरू झाली. 'धीर सोडू नकोस, तो आनंद बघ कसा होता!' ज्याला रडायचे आहे त्याने मग जावे कोठे? भोग म्हणणारा आजाऱ्याला गुन्हेगार ठरवतो आणि आनंद व्हायला सांगणारा त्याला नट बनवतो. दोघांनीही त्याचा प्रश्न ऐकलेला नसतो.

मराठीत मात्र एक कृती अशी आहे, की जिला मी मनापासून नमस्कार करतो. संदीप सावंत यांचा 'श्वास'. माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा हा चित्रपट २००४ साली आला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. मराठीला हा मान पूर्वी मिळाला होता तो १९५४ साली, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. मध्ये पन्नास वर्षे गेली. कोकणातले एक आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. परशुरामला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि शस्त्रक्रिया केली की दृष्टी जाईल. मुलाला आधी कल्पना द्यायला हवी, असा डॉक्टरांचा आग्रह. सांगायचे कोणी? समाजसेविका आसावरी धडपडते. आजोबांच्या जिभेला शब्द सापडत नाहीत. अखेर मुलाला कळते. शस्त्रक्रिया लांबते, आणि या मधल्या वेळात आजोबा कोणालाही न सांगता नातवाला इस्पितळातून बाहेर नेतात. का? तर डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणायला.

या प्रसंगाची चर्चा पुष्कळांनी आजोबांच्या मायेपुरती केली. मला त्यात याहून खोल काही दिसते. आपण देवळात जातो ते दर्शनाला. दर्शन म्हणजे पाहणे, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. आजोबांनी त्या दिवशी नातवाला दर्शन घडवले. कोणाचे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे द्यावे. यात मंत्र नाही, अंगारा नाही, चमत्कार तर नाहीच. दृष्टी जायची ती जातेच. इस्पितळाच्या नियमांत न बसणारी पण त्या मुलाला सर्वांत निकडीची असलेली गरज त्या अडाणी वाटणाऱ्या माणसाने ओळखली. डॉक्टरांचा संतापही दिग्दर्शकाने खोटा ठरवलेला नाही. रोगी इस्पितळातून नाहीसा झाला तर कोणता डॉक्टर संतापणार नाही? दोन्ही बाजू खऱ्या ठेवून त्याने प्रेक्षकाला एवढेच विचारले, की जीव वाचवणे आणि जीवाला जपणे ही दोन कामे एकमेकांच्या आड का यावीत?

ती आड येऊ नयेत म्हणून झटणारी माणसे वैद्यकातही निघाली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, ते मुख्यतः रोगाशी झुंजण्यासाठी. पण जेथे झुंज संपते तेथे माणूस उरतोच. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हे शुश्रूषागृह काढले. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंचे म्हणणे असे, की वेदना एकच असली तरी तिचे पदर चार: शरीराचा, मनाचा, घरसंसाराचा आणि आत्म्याचा. एक पदर सोडून उरलेले तीन सोडवता येत नाहीत. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती आवेदना सदन' उभारले. भारतातले अशा तऱ्हेचे ते पहिले शुश्रूषागृह. ख्रिस्ती भगिनी तेथे सर्व धर्मांच्या रोग्यांची सेवा करतात. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तीत शरीर आणि मन यांच्या जोडीला आध्यात्मिक गरजांचाही उल्लेख आहे. आणि टाटाला येणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या रोग्यांना दादरला आसरा मिळतो तो गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत. नवस आणि बळी यांवर ज्यांनी आयुष्यभर खराटा चालवला, त्यांच्याच नावाच्या छपराखाली आज नवस बोलून आलेली माणसे निजतात. महाराज १९५६ साली गेले. ते असते तर त्यांनी त्या माणसांना आधी भाकरी दिली असती आणि कीर्तन मागाहून केले असते.

हे सगळे पाहिल्यावर मराठी कादंबरीकडे एक मागणे मागावेसे वाटते. मी स्वतः त्या धंद्यातला, तेव्हा हे मागणे माझ्याकडेही आहे. आमच्या कादंबऱ्यांतून दुखणे येते ते कथानकाला वळण द्यायला. नायिका खोकते आणि वाचकाला कळते, की आता शेवटचे प्रकरण जवळ आले. कर्करोग आला की एक तर देव धावतो, नाही तर रोगी तत्त्वज्ञ होतो. अशा कादंबरीतल्या रोग्याला एकादशीची आठवण होत नाही, माळ काढताना त्याचा हात थरथरत नाही, देवावर तो चिडत नाही. देवावर चिडणे हीदेखील एक धार्मिक गरज आहे. ज्याच्याशी नाते नाही त्याच्यावर कोणी चिडत नाही. आणि ज्याला देव नको आहे, त्याला तो नको असू देणे हीही त्याच्या श्रद्धेचीच कदर आहे. त्याच्या उशाशी पोथी ठेवण्यापूर्वी त्याला विचारावे.

विचारायचे म्हणजे काय फार अवघड असते? 'तुला कशाची चुटपुट लागली आहे?' एवढे पाच शब्द पुरतात. उत्तर बहुधा अगदी साधे येते. कोणी म्हणेल, माझी माळ मनगटाला बांधू द्या. कोणी म्हणेल, धाकट्या भावाशी दहा वर्षे अबोला आहे, त्याला बोलवा. कोणी म्हणेल, गडाच्या पायऱ्या चढवणार नाहीत, पण खालून कळस दाखवा. कोणी काहीच बोलणार नाही. तेव्हा नुसते बसावे, पाय चेपावे.

यंदा भाऊबिजेला कोणा आजारी बहिणीकडे जाणे झाले, तर तिच्या डोक्यावरच्या पदराकडे टक लावून पाहू नका आणि भोगाचा शब्द काढू नका. ओवाळताना तिला उभे राहवत नसेल तर खाली बसा, म्हणजे तबक तुमच्या कपाळापर्यंत पोचेल. मग ती काय मागते ते ऐका.